लाईटबिल झिरो करायचंय? आधी मीटर कुणाच्या नावावर आहे ते बघा

सध्या शहापूर-मुरबाडमध्ये नाक्यानाक्यावर एकच जाहिरात. "लाईटबिल कायमचं झिरो. सरकारी अनुदान ७८ हजार." खाली सोलर पॅनेलचा फोटो, हसणारं कुटुंब आणि एक मोबाईल नंबर. किन्हवलीपासून टोकावड्यापर्यंत लोक एकमेकांना विचारतायत, काय रे, करायचं का आपण पण?

मलाही बरेच जण विचारतात. प्रत्येकाला वेगवेगळं सांगण्यापेक्षा इथे सविस्तर लिहितो. पोस्ट मोठी आहे, पण घरातला पैसा गुंतवायचा असेल तर दहा मिनिटं द्या.

एक गोष्ट आधीच सांगतो, म्हणजे गैरसमज नको. मी सोलरच्या विरोधात नाही. छपरावर ऊन फुकट पडतंय आणि आपण युनिटमागे पैसे मोजतोय, यात शहाणपण काहीच नाही. माझं म्हणणं इतकंच आहे की जाहिरातीतलं घर आणि आपल्या दोन तालुक्यांतलं घर यात फरक आहे. योजनेचा फायदा कुणाला होणार, ते या फरकावर ठरतं.

योजना काय आहे, थोडक्यात. पंतप्रधान सूर्यघर मोफत वीज योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये आली. देशातल्या एक कोटी घरांवर सोलर बसवायचं, त्यासाठी ७५,०२१ कोटींची तरतूद. अनुदान १ किलोवॅटला ३० हजार, २ किलोवॅटला ६० हजार, ३ किलोवॅट किंवा त्याच्या पुढे सरसकट ७८ हजार. जाहिरातीतला आकडा हाच. १ किलोवॅटमधून महिन्याला साधारण १०० ते १२० युनिट वीज मिळते. दिवसा जास्तीची वीज महावितरणच्या लाईनमध्ये जाते, रात्री आपण तिथून घेतो, बिल फरकाचं येतं. याला नेट मीटरिंग म्हणतात.

आता हिशोब करू.

वाशिंद-आसनगावला बंगला आहे, एसी आहे, गिझर आहे, फ्रिज आहे, महिन्याला अडीचशे-तीनशे युनिट जळतात. अशा माणसाने विचार करत बसू नये, २-३ किलोवॅट बसवून टाकावं. वापर वाढला की युनिटचा दरही वाढत जातो, त्यामुळे त्याची बचत मोठी आहे. चार-सहा वर्षांत पैसे वसूल होतील आणि पॅनेल पंचवीस वर्षं चालेल.

पण आपल्याकडची बहुतेक घरं तशी आहेत का? दोन पंखे, चार बल्ब, एक टीव्ही, मोबाईल चार्जिंग, कुठे जुना फ्रिज. महिन्याला साठ-सत्तर युनिट. बिल पाचशे-सहाशेच्या घरात. या माणसाला एजंट काय विकतो? ३ किलोवॅट. कारण ७८ हजारांचं अनुदान दाखवायला तेच सोपं पडतं. धरून चला की सिस्टीम एक लाख ऐंशी हजारांची आहे. अनुदान वजा जाता एक लाख उरले. बँक ६ टक्क्यांनी दहा वर्षांचं कर्ज देते असं समजा. महिन्याचा हप्ता येतो साधारण अकराशे रुपये.

म्हणजे बिल झिरो आणि हप्ता अकराशे! सहाशेचं बिल घालवायला अकराशेचा हप्ता दहा वर्षं. वर अनुदान खात्यात जमा होतं ते काम पूर्ण होऊन तपासणी झाल्यावर, तोपर्यंतची रक्कम आपल्याच अंगावर.

"पण जास्तीची वीज विकून पैसे मिळतील ना?" हा पुढचा प्रश्न ठरलेला. आपण विकत घेतो त्या दराने मिळत नाहीत. वर्षभर युनिट जमा होत राहतात, वर्षअखेरीला शिल्लक राहिलेल्या युनिटला मिळणारा दर बराच कमी असतो. सत्तर युनिट वापरणाऱ्याने तीनशे युनिट तयार करण्यात काही मतलब नाही.

आणि बिल अगदी कोरं येईल असंही समजू नका. स्थिर आकार नावाचा एक रकाना असतो. घरगुती सिंगल फेजला तो महिन्याला सुमारे १३० रुपये आहे. वापर शून्य दाखवला तरी तो लागतोच.

मग गरिबाने करायचं काय? इथे राज्य सरकारने एक चांगलं काम केलंय, आणि त्याची जाहिरात मात्र नाक्यावर दिसत नाही. २०२५ मध्ये राज्याने 'स्मार्ट' नावाची योजना मंजूर केली. पूर्ण नाव स्वयंपूर्ण महाराष्ट्र आवासीय रूफटॉप योजना. दारिद्र्यरेषेखालचे आणि महिन्याला १०० युनिटच्या आत वापर असलेले ग्राहक यांच्यासाठी १ किलोवॅटची सिस्टीम. केंद्राचे ३० हजार आहेतच, वर राज्याची भर. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाने स्वतः भरायचे फक्त २,५०० रुपये. अनुसूचित जाती-जमातीच्या कुटुंबाने ५,०००. बाकी सर्वसाधारण गटाने १०,०००. राज्यात पाच लाख घरांचं लक्ष्य आहे. सत्तर युनिटवाल्याला १ किलोवॅट भरपूर झालं. हप्ता नाही, कर्ज नाही.

मग एजंट ही योजना का सांगत नाही? कारण उघड आहे, त्याला यात सुटत काही नाही. म्हणून ही योजना दारावर चालत येणार नाही. ती आपल्याला ओढून आणावी लागेल. आणि ओढायला गेलं की तीन ठिकाणी अडतं. माझा खरा मुद्दा हा आहे.

पहिलं, नाव. अर्ज भरायला ग्राहक क्रमांक लागतो, आणि मीटर अर्जदाराच्याच नावावर हवा. आपल्याकडे किती मीटर अजून आजोबांच्या नावावर आहेत? आजोबा जाऊन वीस वर्षं झाली, बिल त्यांच्याच नावाने येतंय, नातू गुपचूप भरतोय. तीन भावांची घरं वेगळी झाली, मीटर एकच. कुठे घर गावठाणाच्या बाहेर, ग्रामपंचायतीचा उतारा नाही. कातकरीवाडीत तर घराखालची जमीन कुणाची हाच प्रश्न पिढ्यानपिढ्या सुटलेला नाही. नाव बदलून घेणं हे कागदाचं काम आहे, पण मजुरी बुडवून तालुक्याला तीन फेऱ्या मारणं ज्याला परवडत नाही त्याच्यासाठी तेच डोंगराएवढं होतं. शिवाय थकबाकी असेल तर आधी ती भरा, मग अर्ज.

दुसरं, छप्पर. १ किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट मोकळी, सावली नसलेली जागा लागते. हल्लीची मोठी दोन पॅनेल, पन्नास-पंचावन्न किलो वजन, वर लोखंडी सांगाडा. स्लॅब असेल तर प्रश्नच नाही. कौलारू घराच्या वाशांवर हे कसं बसवायचं? पत्र्याचं घर असेल तर वजनापेक्षा वाऱ्याची भीती मोठी. मे महिन्यात वळवाचं वादळ येतं तेव्हा नुसते पत्रे कुठल्या कुठे जातात हे आपण दरवर्षी बघतो. पॅनेलसकट उडाले तर? अंगणात खांब रोवून सांगाडा उभारता येतो, पण त्याचा खर्च वेगळा. तो कुणी करायचा?

तिसरं, लाईन. आणि हे शंभरातल्या नव्वद जणांना माहीत नसतं.

लाईट गेली की सोलरही बंद पडतो.

हो, भर दुपारी बारा वाजता, कडक उन्हात, छपरावर पॅनेल असूनही घरात पंखा फिरणार नाही. बिघाड वगैरे काही नाही, रचनाच तशी आहे. वायरमन खांबावर चढून काम करत असताना तुमच्या छपरावरून लाईनमध्ये वीज शिरली तर त्याचा जीव जाईल. म्हणून लाईन मेली की इन्व्हर्टर आपोआप थांबतो. ते योग्यच आहे. लाईट गेल्यावरही वीज हवी असेल तर बॅटरी आणि वेगळा इन्व्हर्टर लागतो, खर्च बराच वाढतो आणि बॅटरीवर अनुदान नाही.

ठाण्यात किंवा मुलुंडमध्ये हा मुद्दा कुणाला महत्त्वाचा वाटणार नाही. तिथे लाईट किती वेळ जाते? आपल्याकडे पहिला पाऊस पडला की डोळखांब, खर्डी, धसई, माळशेजच्या पायथ्याची गावं, कुठे फांदी पडली, कुठे डीपी जळाला, रात्रच्या रात्र काळोख. जंगलातून गेलेली लाईन, लांबलचक अंतर, माणसं कमी. लाईन वरचेवर मरत असेल तर त्या वेळात पॅनेलची वीजही वाया जाते, म्हणजे बचतही कमी. पावसाळ्यात ढगांमुळे आधीच कमी तयार होते, त्यात ही भर.

म्हणून मी म्हणतो, शहापूर-मुरबाडमध्ये सोलरचं यश बिलावरच्या शून्याने मोजू नका. रात्री दोन वाजता साप चावलेल्या माणसाला घेऊन उपकेंद्रात गेलात तर तिथे दिवा आहे का, औषधाचा फ्रिज चालू आहे का, यावर मोजा.

आपल्या भागात "धरण उशाला, कोरड घशाला" ही म्हण कुणाला समजावून सांगावी लागत नाही. भातसा इथलं, तानसा इथलं. पाणी मुंबईला, आणि उन्हाळ्यात टँकर आपल्या पाड्यांवर. भातसाच्या पायथ्याशी १५ मेगावॅटचं वीजकेंद्र आहे, तीही वीज ग्रिडमध्ये जाते, जायलाच हवी. पण साधनसंपत्ती आपल्या हद्दीत आणि फायदा दुसऱ्याच्या घरात, ही रीत पाण्यापुरतीच राहू दे. उन्हाच्या बाबतीत तेच होऊ नये. आज अनुदान नीट घेतंय कोण? स्लॅबवाला, कागद नीट असलेला, बँकेत पत असलेला. त्याने घेण्यात गैर काही नाही. पण योजनेचे आकडे त्याच्यावरच पूर्ण झाले तर कौलारू घराकडे पुन्हा कोण येणार?

आदर्श सौर ग्रामची गोष्ट बघा. सूर्यघर योजनेत प्रत्येक जिल्ह्यात एका गावाला एक कोटी रुपये मिळायची सोय आहे. गावागावांत स्पर्धा, जास्त सोलर बसवेल ते गाव जिंकेल. ऐकायला छान. अट काय? लोकसंख्या ५,००० च्या वर हवी. आता मुरबाड तालुक्यातली ५,००० वरची गावं मोजा बरं. एका हाताची बोटं उरतील. वाड्या-पाड्यांत विखुरलेला तालुका स्पर्धेच्या दारातच बाद!

लहान गावाला हे जमत नाही असं मात्र नाही. साताऱ्यातल्या पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी, शंभरच्या आसपास घरांची वस्ती, २०२४ मध्ये राज्यातलं पहिलं सौरग्राम झाली. तिथे एकेका घराने एजंट गाठलेला नाही. सगळी घरं एकदम, गाव म्हणून. घर एकटं असतं तेव्हा ते गिऱ्हाईक असतं. गाव एकत्र आलं की अधिकाऱ्यालाही बसून बोलावं लागतं.

आणि उलटं उदाहरण आपल्याच तालुक्यात आहे. मुरबाडमधलं धसई १ डिसेंबर २०१६ ला राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून जाहीर झालं. मोठा समारंभ, टीव्हीवाले, कार्डाची यंत्रं. काही महिन्यांत बातम्या आल्या की व्यवहार पुन्हा रोखीवर आले. गावकऱ्यांचा काय दोष? वरचं यंत्र आणून ठेवलं, पण त्याखाली लागणारं नेटवर्क आणि व्यवस्था तेवढी पक्की नव्हती. सोलरचं धसई होऊ द्यायचं नसेल तर आधी पाया बघा.

स्वतःच्या घरात आज काय करता येईल? पॅनेलच्या आधी वापर कमी करा. साधा छताचा पंखा ७०-७५ वॅट घेतो. बीएलडीसी पंखा ३० वॅटच्या आसपास. दोन पंखे रोज बारा तास फिरत असतील तर जुन्यांना महिन्याला ५४ युनिट लागतात, नव्यांना २२. महिन्याला बत्तीस युनिटची बचत. एक पंखा तीन हजारांच्या आत येतो, साधारण अडीच वर्षांत पैसे फिटले. यासाठी एजंट नको, अर्ज नको, उतारा नको. साठ वॅटचा जुना पिवळा बल्ब गोठ्यात अजून असेल तर काढा, नऊ वॅटचा एलईडी तेवढाच उजेड देतो. नवीन टीओडी मीटर लागला असेल तर महावितरणने जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते संध्याकाळी ५ च्या वापरावर युनिटमागे ८० पैसे ते एक रुपया सवलत जाहीर केली आहे. ती बिलात दिसते का ते तपासा. पाण्याची मोटर, इस्त्री, मिक्सर दुपारी उरकून घ्या. घर 'स्मार्ट' करायला मोबाईलवर चालणारे दिवे लागत नाहीत, बिल वाचता आलं तरी पुष्कळ झालं.

अजून एक बिल आहे ज्याचा कुणी हिशोबच करत नाही. चुलीचं. सिलिंडर घरात आला, पण भरायला आठशे-नऊशे रुपये लागतात म्हणून कितीतरी घरांत तो कोपऱ्यात आणि स्वयंपाक चुलीवर. मोळी आणायला आई जाते, ताई जाते. तीन-चार तास, डोक्यावर वीस-पंचवीस किलो. या ऊर्जेचं बिल कागदावर येत नाही, ते मानेत आणि कमरेत येतं, धुराने डोळ्यांत येतं. ज्या घरात गुरं आहेत तिथे गोबरगॅस, आणि पुढे सोलरची वीज शिल्लक राहत असेल तर दुपारचं एक वेळचं शिजवणं शेगडीवर. घराचं ऊर्जेचं बिल शून्य झालं असं मी तेव्हाच म्हणेन, जेव्हा त्या घरातल्या बाईच्या डोक्यावरची मोळी उतरेल.

ग्रामसभा कधी असतात सगळ्यांना माहीत आहे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. पुढच्या ग्रामसभेत फक्त सह्या करून चहा पिऊन उठू नका. हे ठराव मांडा:

१) मीटरच्या नावबदलासाठी महावितरण, तलाठी आणि ग्रामसेवक यांचं एकत्र शिबिर गावात व्हावं. लोकांनी तालुक्याला का जायचं?

२) 'स्मार्ट' योजनेत बसणाऱ्या सगळ्या घरांची यादी ग्रामपंचायतीने करावी, वाचून दाखवावी आणि अर्ज एकगठ्ठा द्यावेत.

३) घरकुल मंजूर होतानाच छप्पर पॅनेल पेलेल असं बांधून घ्यावं. आज चार पैसे जास्त लागतील, उद्या दुप्पट वाचतील. कातकरी कुटुंबांना जनमनमधून घरं मिळतायत, तिथे तर हे आत्ताच व्हायला हवं.

४) शहापूर तालुका पूर्ण आणि मुरबाडमधली काही गावं अनुसूचित क्षेत्रात आहेत. तिथल्या ग्रामपंचायतींना पेसाचा ५ टक्के अबंध निधी थेट येतो. त्यातून उपकेंद्र, शाळा, अंगणवाडी इथे बॅटरीसकट सोलर बसवता येईल का, हे लेखी मागा. आणि बॅटरी पाच-सात वर्षांत बदलावी लागते, तो खर्च कोण करणार हे त्याच ठरावात लिहा. नाहीतर पाड्यापाड्यांवर मेलेले सौरदिवे उभे आहेतच.

५) पावसाळ्याआधी लाईनवरच्या फांद्या तोडायची तारीख महावितरणने गावाला कळवावी.

यातलं शेवटचं काम सगळ्यात साधं आणि सगळ्यात महत्त्वाचं. लाईन जिवंत राहिली तरच बाकी सगळ्याला अर्थ.

एजंट दारात आला तर त्याला हाकलू नका. पाणी द्या आणि चार प्रश्न विचारा. माझे युनिट किती? मला किती किलोवॅट लागतो? हप्ता किती? लाईट गेल्यावर काय? चौथ्या प्रश्नाचं सरळ उत्तर दिलं तर माणूस बरा आहे. "लाईट गेली तरी सोलर चालणार, टेन्शन घेऊ नका," असं बॅटरीशिवाय म्हणाला, तर पाणी पाजलंत तेवढं पुरे.

आता सांगा, तुमच्या घरचा मीटर कुणाच्या नावावर आहे? आणि महिन्याला युनिट किती? बिल काढून बघा आणि खाली लिहा. गावाची यादी इथूनच सुरू करू.